पावलं कुणाची

१२ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून आता सगळं कागदावर. नीट वाच आणि मग रड, आधी नको.

ऑपरेशन झालं. डोक्यातली गाठ शक्य तितकी काढली. शक्य तितकी म्हणजे किती, असं मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, डोळ्यांना दिसली तेवढी. मला हे उत्तर आवडलं. तीस वर्षं वजनमापं तपासत फिरलो, पण आपल्या काट्याला किती बारीक कळतं आणि किती कळत नाही हे तोंडाने कबूल करणारा माणूस फारसा भेटला नाही. ही गाठ परत येणाऱ्या जातीची आहे, हेही त्यांनी सांगितलं. कधी, ते सांगता येत नाही. रेडिएशनचे शेक झाले, आता गोळ्या चालू आहेत.

आमच्या सौ. छोटीला आणि डॉक्टरांना मी एक अट घातली आहे, तुलाही माहीत असू दे. डोकं ठिकाणावर आहे तोवर गोळ्या घेईन, उलट्या झाल्या तरी घेईन. पण मी काय केलं, कुठे गेलो, हे मलाच कळेनासं झालं की गोळ्या बंद. तसलं जगणं नुसतं लांबवण्यात मला रस नाही. छोटीने मान हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

आता गमतीची गोष्ट. मी एका अभ्यासात नाव घातलंय. मेंदूचा फोटो दोन-तीन महिन्यांनी एकदा काढतात. मधल्या दिवसांत आत काय चाललंय ते एकट्या पेशंटला ठाऊक, आणि पेशंट तपासणीच्या दिवशी 'बरं आहे' म्हणून मोकळा होतो. म्हणून त्यांनी मला मनगटात घालायला एक घड्याळ दिलंय. ते पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं. शिवाय रोज फोनमध्ये एक ठरलेला उतारा मोठ्याने वाचायचा आणि पडद्यावर बोटाने ठोके द्यायचे. मग प्रश्न: डोकं दुखलं का, शब्द अडला का, काही विसरलात का. असे शेकडो पेशंट घरबसल्या आपापलं दुखणं मोजून पाठवतात. ते सगळं एकत्र मांडलं तर गाठ परत यायला लागल्याचं फोटोच्या आधी ओळखता येईल का, हे बघायचंय. हे सगळं सांभाळणारी एक तरुण मुलगी आहे, मी तिला आकडेवाली म्हणतो. तिने आधीच सांगून टाकलं, काका, याचा तुम्हाला स्वतःला उपयोग होईलच असं नाही. मी म्हटलं, बाई गं, दुकानदाराच्या वजनाला मी शिक्का मारत होतो तेव्हा त्याचा मला तरी कुठे उपयोग होता?

तुझा खुबा कसा आहे? नवा सांधा कुरकुरतो की तूच?

लोभ आहेच, त्याला काय मागायचं.

तुझा,
मापट्या

२१ जानेवारी

चि. मापट्यास अनेक आशीर्वाद.

आधी वाचलं, मग रडले. तू सांगितलंस तसंच. दुकानात बसून रडले, त्यामुळे एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला इस्त्री करताना पाणी शिंपडावं लागलं नाही.

तू एवढासा होतास तेव्हा मीच तुझं नाव मापट्या ठेवलं, आणि तू आयुष्यभर मापंच तपासलीस. आता स्वतःलाच पारड्यात घालून बसलास. चांगलं केलंस, असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण केलंस ते तुझ्यासारखंच.

माझा खुबा ठीक आहे. व्यायामवाला पोरगा रोज येतो, काठी धरून मला व्हरांड्यात फिरवतो आणि मी दमले की 'आजी, अजून एकदाच' म्हणतो. हे 'एकदाच' कधी संपत नाही. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत प्रवास नाही. नाहीतर मी कधीच येऊन तुझ्या उशाशी ठाण मांडलं असतं.

म्हणून मी एक ठरवलंय. माझ्या दुकानातल्या मुलीने मलाही तसलंच पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलंय. आपण शर्यत लावू. दर पत्रात आपापला आकडा लिहायचा. तुझी डोक्याची दुरुस्ती, माझी पायाची, कोण आधी धडधाकट होतं ते बघू. लहानपणी शाळेच्या वाटेवर दर वेळी मीच जिंकायचे, आणि तू 'ताईचे पाय लांब आहेत' म्हणून भोकाड पसरायचास. आता तर माझा एक पाय कारखान्यातला आहे. सवलत मागू नकोस.

छोटीला सांग, तिच्या हातचं पत्र हवंय. तू सगळं गोड करून लिहितोस.

मायेत कमी नाही, ओरडण्यातही नाही.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

शर्यत मंजूर. आकडा सोबत लिहिलाय, बघून जळू नकोस. आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत जातो, औषधवाल्याच्या बाकावर बसतो आणि परत येतो. तीन मजल्यांचा जिना तेवढा जड जातो. डावा पाय पायरीवर ठेवतो तेव्हा तो माझा नसून शेजाऱ्याचा आहे असं वाटतं.

रोजचा उतारा आता तोंडपाठ झाला. नदीकाठच्या एका पिठाच्या गिरणीची गोष्ट आहे. गिरणीवाला, त्याचा म्हातारा घोडा आणि पूर. पुराचं पुढे काय झालं ते उताऱ्यात नाही, तो तिथेच तुटतो. मी आकडेवालीला विचारलं, घोडा वाचला का? तिला ठाऊक नव्हतं. हसली आणि म्हणाली, शोधून सांगते.

काल तिने मला पडद्यावर माझ्या आवाजाच्या रेघा दाखवल्या. कुठल्या शब्दाआधी मी किती थांबलो ते त्यात दिसतं. मला स्वतःला थांबलेलं आठवतही नाही. मेलं हे यंत्र माझ्यापेक्षा मला जास्त ओळखतं! पण खरं सांगू, बरं वाटलं. गाठीचं काय व्हायचं ते होवो, माझं दुखणं तरी खरं मोजलं जातंय. पुढे कुणा दुसऱ्या बहिणीच्या भावाला या मापाने तोलतील.

छोटी आत्ता स्वयंपाकघरात आहे आणि मुद्दाम भांडी आपटतेय, कारण मी तिला न विचारता जिना उतरलो. ती लिहील सवडीने.

लोभ वाढवू नकोस, आवरत नाही मग.

तुझा,
मापट्या

२६ फेब्रुवारी

चि. सौ. छोटीस आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावावर टाकलंय. त्याला दाखवू नकोस.

त्याचं आणखी एक पत्र आलं, त्यात या खेपेचा आकडा निम्म्यावर आलाय. खाली त्याने 'पाऊस होता' असं लिहिलंय. मी इथल्या पेपरात तुमच्याकडचं हवामान बघते हे त्याला ठाऊक नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? मला खरं काय ते सांग.

आणि एक ऐक. मी हॉस्पिटलात होते तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या बाईने चालायचं सोडलं. आज नको, उद्या बघू, असं करत करत ती झोपली ती झोपलीच. माणूस हिंमत हरला की दुखण्याला मोकळं रान. तू मवाळ आहेस. तो 'दमलो' म्हणाला की तू उशी आणून देत असशील. तसं करू नकोस. काय वाटेल ते कर, पण त्याचा आकडा पडू देऊ नकोस. तो आकडा बघूनच त्याला उमेद येते, तुझ्या-माझ्या बोलण्याने येत नाही.

रागावून लिहिलंय असं वाटेल. लांबून दुसरं काय करणार, उंटावरून शेळ्या हाकतेय. माझा पाय धड असता तर तुला असं लिहायची वेळ आली नसती.

तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईंना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. यांना दाखवलं नाही.

हे बरे आहेत. दुपारी गोळीने गुंगी येते, तेव्हा झोपतात. डावा पाय ओढतात. परवा पायपुसणीला अडकून पडले, पण लागलं नाही, पलंगावरच पडले. चिडतात पूर्वीपेक्षा, आणि मग अर्ध्या तासाने माझी ओढणी धरून माफी मागतात. ते मला जास्त लागतं.

आकड्याची काळजी सोडा. कालपासून पुन्हा चढलाय. काल संध्याकाळी घड्याळात बघून यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! 'ताईला हरवलं' म्हणाले आणि चहाबरोबर आपणहून पाव मागून घेतला. कितीतरी दिवसांनी मागून खाल्लं. तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, यांना आकड्यानेच उमेद येते. ती मी टिकवीन.

मी जेवते. तुम्ही पायाला जपा.

लोभ असतोच, तरी असू द्या म्हणते.

आपली,
छोटी

२५ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

आज थट्टा सुचत नाही.

आकडा खाली लिहिलाय. तू हरलीस. पण ताई, मी ही पावलं चाललोच नाही. म्हणजे चाललो असणार, घड्याळात आहेत. मला मात्र आठवत नाहीत.

माझ्या हिशेबाने मी दुपारचं जेवून आडवा होतो, उठतो तेव्हा छोटी चहा ठेवत असते. घड्याळ म्हणतं, त्याच वेळात मी जिना उतरलो, लांबवर जाऊन आलो आणि पुन्हा तीन मजले चढलो. एकदा नाही, रोज. पहिल्या दिवशी मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो. पुढे एक दिवस उठल्यावर चपला बघितल्या. आदल्या दिवशी काढून ठेवल्या तशाच होत्या. छोटीला विचारलं, मी बाहेर गेलो होतो का गं? ती फडताळाकडे तोंड करून म्हणाली, अहो, गेला होतात ना थोडं. छोटी माझ्याशी आजवर खोटं बोललेली नाही. आणि घड्याळ कशाला खोटं बोलेल, त्याला माझ्याशी काय देणंघेणं? म्हणजे उरलं कोण? माझं डोकं.

ताई, मला भीती वाटते. मरणाची वाटली नव्हती एवढी वाटते. आपण चालत असताना आपण तिथे नसतो, मग चालतं कोण? जिना उतरताना शेजारी भेटले असतील, मी काही बोललो असेन. काय बोललो असेन? आता दुपारी झोपायचं नाही असं ठरवतो, पण गोळी झोपवतेच.

अभ्यासाच्या प्रश्नांत 'आज काही विसरलात का' याला पहिल्यांदा 'होय' लिहिलं. आता रोज तेच लिहितो. खरं तेच लिहायला हवं.

माझी अट तुला आठवत असेल. ९ एप्रिलला डॉक्टरांची वेळ आहे. तेव्हा गोळ्या बंद करायला सांगणार आहे. छोटीला अजून बोललेलो नाही. तू तिला सांभाळून घे.

शर्यत इथेच थांबवू. तू जिंकलीस असं समज.

मापट्या

३१ मार्च

छोटी,

मायना लिहायला वेळ नाही. दुकानाच्या फळीवर उभ्याने लिहितेय.

त्याचं पत्र आलं. ९ तारखेला तो गोळ्या बंद करणार आहे. का, तर न आठवणारी पावलं घड्याळात दिसतात म्हणून. आपलं डोकं गेलं असं तो धरून चाललाय.

मी शिकलेली कमी असेन, पण भावाला ओळखते आणि तुलाही ओळखते. तो झोपलेला असतो तेव्हाच घड्याळ जिना उतरतं, लांबवर जातं आणि तू चहा ठेवायच्या आत घरी येतं. दुपारी औषधं, दूध, भाजी आणायला तुमच्या घरातून कोण जातं गं?

तूच ना? खरं असेल तर मला उत्तर लिहीत बसू नकोस, आधी त्याला सांग. ९ तारखेच्या आत सांग. मी फोन करून त्याला सांगू शकते, पण ते माझ्या तोंडून कळलं तर तो तुला कधी विचारणार नाही आणि तू कधी सांगणार नाहीस, आणि तुमच्या दोघांत ते तसंच पडून राहील.

तुला बोल लावत नाहीये. आकडा पडू देऊ नकोस असं लिहिणारी मीच. मला म्हणायचं होतं, त्याला चालव. तुला त्याला चालवता येईना, तेव्हा तू चाललीस. करायला गेलो एक, झालं भलतंच. निम्मं माप माझ्या पदरात घाल, पण त्याला सांग.

ताई

५ एप्रिल

ती. ताईंना सा. न.

हो. मीच.

पहिल्या वेळी मनात काही नव्हतं. हे दुपारी गुंगीत झोपले की मी घड्याळ हळूच काढून चार्जिंगला लावते आणि उठायच्या आत परत बांधते. त्या दिवशी औषधवाल्याकडे घाईने जायचं होतं, दोन्ही हातांत पिशव्या, घड्याळ कुठे राहून जाईल म्हणून मनगटात अडकवलं आणि विसरले. संध्याकाळी यांनी आकडा बघितला आणि 'छोटे, हे बघ!' म्हणून अशी हाक मारली, तशी हाक लग्नानंतरच्या दिवसांत मारायचे. ताई, माझ्याने सांगवेना. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि जाणूनबुजून घातलं. मग रोजच. शेवटी शेवटी तर मी लांबच्या दुकानात जायची, दोन गल्ल्या उगीच फिरून यायची. पाय दुखायचे तेव्हा बरं वाटायचं, यांचं काहीतरी मी चालून देतेय असं वाटायचं.

यांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्यांना डोक्याची भीती बसलीय हे मला कळलं नव्हतं, हल्ली गप्प असतात ते दुखण्यामुळे असेल असं वाटलं. गोळ्यांचं तर तुमच्या पत्रातून कळलं. ते मी दारातच उभ्याने वाचलं. हे आतून विचारत होते, कोण आलंय.

परवापासून घड्याळाला हात लावलेला नाही. आकडा एकदम कोसळला तर यांनी घड्याळाची काच दोनदा पुसून पाहिली. रोज ठरवते सांगायचं. समोर गेलं की चहा हवा का विचारून परत येते. ज्या माणसाने जन्मभर काटा मारणाऱ्यांना पकडलं, त्यांच्या घरात मी काटा मारला. कुठल्या तोंडाने सांगू?

सांगेन. ९ च्या आत सांगेन.

आपली,
छोटी

१४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

छोटीने सांगितलं. कुठे, तर हॉस्पिटलात डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर, आमचा नंबर पुकारल्यावर. मी उठायला लागलो तर तिने माझी बाही धरली आणि एका दमात सगळं बोलून गेली. आत नर्स माझं नाव पुकारतेय, बाहेर ही रडतेय.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू यायला लागलं. हसता हसता रडू फुटलं. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांना वाटलं आत काही वाईट सांगितलं असेल. मी त्यांना म्हटलं, नाही हो, माझं डोकं सापडलं. त्या बिचाऱ्या सरकून बसल्या.

ताई, मी झोपलो होतो ते खरंच झोपलो होतो! जे आठवतं ते झालेलं आहे, आणि जे आठवत नाही ते झालेलंच नाही. गाठ असेल, पाय नसेल, पण आत बसलेला मी अजून मीच आहे. गोळ्या चालू ठेवल्या आहेत.

आता रागाचं. राग आला, तो घरी आल्यावर. एक अख्खा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिने मला फसवलं म्हणून नाही, ते तर तिने जीव लावून केलं. पण आम्ही आकडेवालीला सांगायला गेलो तेव्हा त्या पोरीचा चेहरा बघायला हवा होतास. मार्चमधला माझा चढता आकडा तिने वरिष्ठांना दाखवला होता. म्हणाली, काका, आम्हाला वाटलं गोळी तुम्हाला लागू पडतेय, का लागू पडतेय ते शोधत होतो. नाडीचे ठोके जुळत नव्हते, तर घड्याळातच बिघाड असेल म्हणून दुसरं पाठवणार होते. माझ्या नुसत्या पावलांवर लोक आशा लावून बसले होते, आणि ती पावलं माझी नव्हती. उद्या कुणाच्या तरी भावाला त्याच मापाने तोललं असतं.

छोटी म्हणाली, मग त्या दिवसांचं सगळं पुसून टाका. मी म्हटलं, अजिबात नाही. खोटं वजन सापडलं तर आम्ही ते फेकत नसू, किती खोटं आहे ते मोजत असू. आकडेवालीचे डोळे चमकले. तिने छोटीलाही एक घड्याळ दिलंय. आठवडाभर छोटी आपलं घालते, मी माझं. तिची चाल कशी, नाडी कशी, ते कळलं की मार्चमधून ती वेगळी काढता येते. आणि 'विसरलो' म्हणून मी जी उत्तरं दिली, तीही चुकीची म्हणून खूण करून ठेवली.

त्यातून एक कळलं, ते तुला सांगतो, तिला मी अजून बोललेलो नाही. छोटीच्या घड्याळात दिसतं, की ती भांडी घासत असो की दाराशी कुणाशी बोलत असो, मी आत नुसता खोकलो तरी तिच्या नाडीचे ठोके धावायला लागतात. जागा असतानाच नाही, झोपेतसुद्धा. मी इतके दिवस माझंच दुखणं मोजत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला चहा करून दिला. अर्धा सांडला, पण दिला.

आता आमच्या घरात एकच नियम. काटा जिथे थांबेल तिथे थांबू द्यायचा. दुकानात गेलो की मी पहिल्यांदा काय बघायचो ठाऊक आहे? रिकाम्या पारड्याला काटा शून्यावर येतो की नाही. तिथे जो खोटा, तो पुढे सगळीकडे खोटा. मी छोटीला सांगून ठेवलंय, माझं शून्य आलं तर शून्यच जाऊ दे. बोटसुद्धा लावू नकोस.

शर्यत पुन्हा चालू. खरा आकडा खाली आहे. एवढासाच आहे, मापट्याएवढा.

तुझा,
मापट्या

२ जून

चि. मापट्यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गाडीत एका मुलाने माझी काठी धरून मला जागेवर बसवलं आणि मी त्याला व्यायामवाल्यासारखं 'अजून एकदाच' म्हणून चहा आणायला पिटाळलं.

तुझ्याकडे होते तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. तुला चाकाच्या खुर्चीत बघितलं आणि मी दाराची चौकट धरली. पण तू मला बघताक्षणी विचारलंस, ताई, आकडा किती? आणि मग आपण दोघं तुमच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, मी काठीवर, तू छोटीच्या खांद्यावर, त्या टोकाच्या कुंड्यांपर्यंत गेलो. मी मुद्दाम हळू चालत होते. तुला ते कळलं आणि तू म्हणालास, ताई, काटा मारू नकोस. मग मी चालले माझ्या पायांनी आणि जिंकले. तू भोकाड पसरलं नाहीस. हसलास. तेव्हा मला रडू आवरेना, म्हणून मी कुंड्यांना पाणी घालायला वाकले. कुंड्या आधीच भिजलेल्या होत्या.

तुझी पत्रं आता छोटी लिहून घेते ते ठीक आहे, पण तिला म्हणावं, तू बोलशील तेच लिहायचं. मधले थांबेही लिहायचे.

मी ऑगस्टमध्ये पुन्हा येईन. तोवर दम धर. नाही धरवला तर मला सरळ सांग, मोठ्या बहिणीपाशी लाजायचं काय?

माझा जीव तिकडेच ठेवून आलेय. सांभाळ.

तुझी,
ताई

२४ जुलै

ती. ताईंना सा. न. वि. वि.

फोन केला, तुमच्या दुकानातल्या मुलीने तुम्हाला ओरडून सांगितलं, हे सगळं झालं. पण नीट असं मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. पावसाने रस्ते बंद होते आणि तुम्ही येऊ शकला नाहीत, याचं मनाला लावून घेऊ नका. हे तुमची वाट बघत नव्हते. तुम्ही येऊन गेलात, हेच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आलेल्या माणसाला 'ताई कुंड्यांपर्यंत जिंकली' असं सांगायचे. शेवटी शेवटी बाकीचे शब्द गेले, तेवढे राहिले.

शेवटच्या आठवड्यात उतारा वाचता येईना. मी फोन तोंडापाशी धरायची, हे गिरणीवाला म्हणायचा प्रयत्न करायचे आणि थांबायचे. एके दिवशी नुसताच श्वास आला. ताई, मला तो उतारा पाठ आहे. तो माझ्या ओठांवर आला होता. मी ओठ दाताखाली धरले आणि वेळ संपेपर्यंत फोन तसाच धरून ठेवला. तो श्वास तसाच गेला त्यांच्याकडे. त्यात मागे नळाचं पाणी गळताना ऐकू येत असेल, तेवढंच.

आकडेवाली येऊन गेली. बराच वेळ यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. तिने सांगितलं, की एप्रिलच्या शेवटापासून यांचे शब्दांआधीचे थांबे वाढत गेलेले दिसतात, आणि फोटोत गाठ त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दिसली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असंही म्हणाली. पण बाकीच्यांच्या आवाजात तेच दिसतं का, ते आता शोधताहेत. आणि मार्चमधले ते दिवस त्यांनी पुसले नाहीत. तिथे 'पत्नी' अशी खूण आहे. यापुढे पेशंटबरोबर घरातल्या एका माणसालाही घड्याळ द्यायचं त्यांनी ठरवलंय. जाताना म्हणाली, काकांना सांगायचं राहिलं, मूळ गोष्टीत घोडा वाचतो. मी तेव्हा रडले. आधी रडू आलं नव्हतं.

आता तो दिवस. सकाळपासून श्वास लांब लांब येत होता. मी त्यांचा डावा हात धरून बसले होते, घड्याळ त्याच हातात होतं. त्यांनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं की माझ्या पलीकडे, ते मला माहीत नाही, म्हणून मी 'माझ्याकडे' असं लिहीत नाही. मग श्वास आला नाही. मी वाट बघितली. तो आलाच नाही. शेजारच्या काकू आल्या, डॉक्टर आले, कुणीतरी म्हणालं घड्याळ काढून ठेवा. मी म्हटलं, नको. पडद्यावर नाडीच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती, आणि त्या दिवसाच्या पावलांच्या जागी शून्य. कुणी म्हणालं, उठून दोन घोट पाणी पी. मी उठले नाही. माझा त्यांच्या हाताला धक्का लागला असता आणि एखादं पाऊल पडलं असतं.

त्यांचं शून्य त्यांचंच गेलं, ताई.

आता दुपार झाली की पाय आपोआप चपलांकडे जातात. औषधं आणायची नसतात, तरी मी जिना उतरते. औषधवाल्याच्या बाकावर बसते आणि परत येते. माझं घड्याळ मी आकडेवालीला परत केलं, आता कुणी मोजत नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये येणार होतात, तशाच या. व्हरांड्यात कुंड्यांपर्यंत जाऊ.

पत्रं आता माझ्या नावावर टाकत जा, तितकीच मोठी, तितकंच ओरडून. माझ्यावरचा लोभ यांच्यामुळे होता की माझ्यापुरताही थोडा आहे, ते मला ठाऊक नाही. जेवढा असेल तेवढा खरा कळवावा, ही विनंती.

आपली,
छोटी